आधी गादी, मग उंची

टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये १५ सप्टेंबर २०२५ च्या रात्री पुरुषांच्या बांबू उडीचा निकाल खरं तर लागून गेला होता. स्वीडनच्या आर्मंड डुप्लांटिसने ६.१५ मीटर पार करून जागतिक अजिंक्यपद पक्कं केलं होतं आणि ग्रीसचा इमॅन्युइल कारालिस सहा मीटरवर रौप्यपदक घेऊन मोकळा झाला होता. तरी लोक जागचे हलले नाहीत, कारण आडवी दांडी आता ६.३० वर चढवली होती. दोन प्रयत्न फसले. हवा इतकी दमट, की नुकताच हरलेला कारालिसच छोटा पंखा घेऊन डुप्लांटिसला वारा घालत होता. तिसऱ्या प्रयत्नात डुप्लांटिस दांडीवरून गेला, दांडी जागेवर राहिली आणि त्याच्या नावावर चौदावा जागतिक विक्रम लागला.

६.३० मीटर म्हणजे किती, हे जळगावात किंवा धुळ्यात कुठल्याही कॉलनीत मान वर करून पाहता येतं. दुमजली घराच्या गच्चीचा स्लॅब साधारण तेवढ्याच उंचीवर येतो. माणूस जमिनीवरून धावत येतो, हातातली काठी रोवतो आणि त्या गच्चीवरून पलीकडे जातो. शिडी नाही, दोर नाही.

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या विल्यम हॉइटने ही स्पर्धा जिंकली ती ३.३० मीटरवर. तिथपासून टोकियोपर्यंत १२९ वर्षांत बरोबर तीन मीटर वाढले. माणसाचे पाय काही एवढ्यात दुप्पट बळकट झालेले नाहीत. शंभर मीटरची शर्यत सव्वाशे वर्षांत दोन-अडीच सेकंदांनी कमी झाली, बांबू उडी मात्र जवळजवळ दुप्पट झाली. हे तीन मीटर आले कुठून? थोडे पायांतून, थोडे शिकवणीतून आणि बरेचसे दोन निर्जीव वस्तूंमधून. एक वस्तू उडीपटूच्या हातात असते, दुसरी तो पडतो तिथे. पहिलीचं कौतुक सगळे करतात. दुसरीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि खान्देशासारख्या मुलखाचं घोडं नेमकं तिथेच अडलेलं आहे.

आधी हातातली वस्तू पाहू. सुरुवातीला अ‍ॅश किंवा हिकरीच्या लाकडाचे जड दांडे वापरत. विसावं शतक उजाडलं तसा बांबू आला आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्याचंच राज्य राहिलं. आपल्याला वाटेल, बांबू तर आपलाच. सातपुड्यात, यावलच्या आणि शिरपूरच्या जंगलात तो आहे, आणि रावेर-यावलच्या बागांत घडाने वाकलेल्या केळीला टेकू म्हणून तो उभा दिसतो. पण मध्य भारताच्या कोरड्या जंगलातला आपला मानवेल जातीचा बांबू भिंती जाड असलेला, पुष्कळदा जवळजवळ भरीव. लाठीला त्याच्यासारखा दुसरा नाही. उडीला मात्र लांब, पोकळ आणि हलका बांबू लागतो. चार-साडेचार मीटरचा भरीव दांडा उचलून जीव खाऊन धावायचं म्हटलं, तर वेग दांड्याच्या वजनातच जिरतो. त्यामुळे जगभरच्या उडीपटूंना बांबू पुरवला तो जपानने, आणि जपानने उडीपटूही घडवले.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधली बांबू उडी दिवसभर चालून अंधार पडल्यावर दिव्यांच्या उजेडात संपली. अमेरिकेचा अर्ल मेडोज ४.३५ मीटरवर जिंकला. शुहेई निशिदा आणि सुएओ ओए हे दोघे जपानी ४.२५ वर बरोबरीत राहिले. त्यांची आपसातली लढत झालीच नाही. जपानी पथकाने निशिदाला दुसरा आणि ओएला तिसरा ठरवलं. मायदेशी परतल्यावर दोघांनी आपापली पदकं मधोमध कापून घेतली आणि अर्धं रौप्य, अर्धं कांस्य अशी जोडून दोन पदकं करवून घेतली. ओए पाच वर्षांनी, डिसेंबर १९४१ मध्ये, फिलिपाइन्सच्या लढाईत मारला गेला. निशिदा टिकला, इतका टिकला की १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत चाळिशीचा निशिदा पुन्हा बांबू घेऊन उतरला आणि कांस्यपदक घेऊन गेला.

त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही गेलं होतं, भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवायला. दोरीच्या मल्लखांबावर मुलगा डोकं खाली, पाय आभाळाकडे करून शरीर ताठ धरतो ती अवस्था, आणि बांबू उडीत काठी सरळ होत असताना उडीपटू ज्या अवस्थेत असतो ती, यांत शरीराला लागणारं शिक्षण जवळपास एकच आहे. परदेशी उडीपटू यासाठी दोरावर आणि जिम्नॅस्टिक्सच्या आडव्या बारवर तासन्तास घालवतात. आपल्याकडे ती विद्या आखाड्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिला उडीच्या मैदानाशी जोडावं असं कुणाच्या फारसं मनात आलेलं दिसत नाही. मला हे राहून राहून नवल वाटतं.

बांबूची कमाल गाठली ती कॅलिफोर्नियाच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने. १९४० मध्ये पंधरा फूट, म्हणजे ४.५७ मीटर, ओलांडणारा तो पहिला माणूस. ही उंची त्याने त्रेचाळीस वेळा पार केली, आणि त्याच्या सक्रिय कारकिर्दीत दुसऱ्या कुणालाही ती एकदाही जमली नाही. १९४२ मधला त्याचा ४.७७ चा विक्रम पंधरा वर्षं टिकला. ऑलिंपिकमध्ये मात्र तो कधी उतरला नाही, कारण १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक युद्धाने गिळली. याच युद्धाने अमेरिकेला होणारा जपानी बांबूचा पुरवठा तोडला आणि खेळाडू पोलाद-अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांकडे वळले. त्या नळ्या फुटत नसत, एवढाच काय तो फायदा. उंची फारशी वाढली नाही. १९६० मध्ये डॉन ब्रॅगचा धातूच्या पोलवरचा जागतिक विक्रम ४.८० होता, म्हणजे वॉर्मरडॅमच्या बांबूपेक्षा फक्त तीन सेंटिमीटर जास्त.

मग काचतंतू आला, फायबरग्लास. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ग्रीसच्या जॉर्जिओस रुबानिसने फायबरग्लासचा पोल घेऊन कांस्यपदक मिळवलं होतं, पण त्या वेळी जगाने ते फार मनावर घेतलं नाही. १९६१ मध्ये जॉर्ज डेव्हिसने याच पोलवर ४.८३ चा जागतिक विक्रम केला आणि बांध फुटला. १९६३ मध्ये जॉन पेनेल ५.२० वर पोचला, १९६४ मध्ये फ्रेड हॅन्सन ५.२८ वर. आधीच्या वीस वर्षांत तीन सेंटिमीटर आणि पुढच्या चार वर्षांत जवळजवळ अर्धा मीटर.

हे कसं घडलं, याचं नेहमीचं उत्तर असं की पोल वाकतो आणि माणसाला वर फेकतो. ते अर्धंच खरं आहे. पोल स्वतःची ऊर्जा कुठून आणणार? माणसाने धावून दिलेलीच तो परत करतो. खरी गंमत वेगळी आहे. पोलचं टोक जमिनीतल्या पेटीत, म्हणजे २० सेंटिमीटर खोल बॉक्समध्ये, अडकलं की पोल आणि त्याला लटकलेला माणूस मिळून उभं व्हावं लागतं. ताठ काठी जितकी वर पकडाल तितकी ती उभी करणं अवघड, कारण सगळं वजन टेकूपासून लांब गेलेलं असतं. म्हणून बांबूच्या आणि पोलादाच्या काळात पकड चार मीटरच्या आसपास अडकून राहिली. वाकणारा पोल मात्र वाकला की आखूड होतो. पेटी आणि हात यांच्यातलं सरळ अंतर कमी होतं, माणूस टेकूच्या जवळ येतो आणि पोल सहज उभा होतो. मग तो सरळ होत होत पूर्ण लांबी परत मिळवतो. त्यामुळे आजचे खेळाडू पाच मीटरच्या वर हात धरू शकतात आणि त्या हाताच्याही मीटरभर वरून पलीकडे जातात.

आता हिशेब. जास्तीत जास्त उंची वेगाच्या वर्गावर ठरते. सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणाऱ्याची सगळी गतिऊर्जा उंचीत बदलली, तर तो सव्वातीन मीटर वर जाईल. ९ मीटरवाला सव्वाचारच्या थोडा खाली. १० मीटरवाला ५.१०. माणसाच्या शरीराचा गुरुत्वमध्य उभा असतानाच जमिनीपासून मीटरभर वर असतो, तो यात मिळवायचा. वाटेत थोडी ऊर्जा वाया जाते, हातापोटाच्या स्नायूंनी थोडी भरून निघते. सेकंदाला एक मीटर वेग वाढला की जवळजवळ एक मीटर उंची वाढते, हे लक्षात घेतलं की डुप्लांटिसचं कोडं बरंच सुटतं. पोल हातात घेऊन तो सेकंदाला १० मीटरहून जास्त वेगाने येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये झुरिकला त्याने गमतीची म्हणून लावलेली शंभर मीटरची शर्यत १०.३७ सेकंदांत मारली आणि हरवलं कुणाला, तर ४०० मीटर अडथळ्यांचा विश्वविक्रमवीर कार्स्टन वॉरहोमला.

जळगावकराच्या मनात इथे एक प्रश्न हमखास येतो. पाइपांचं शहर आमचं, बांभोरीला आणि गाडेगावला पाइप निघतात, मग पोल का नाही? कारण पीव्हीसीचा पाइप आणि उडीचा पोल यांच्यात पोकळपणाखेरीज सारखं काही नाही. पीव्हीसी वाकवलं तर वाकतं, पण जास्त वाकवलं आणि वर खान्देशातलं वैशाखाचं ऊन असलं तर ते तसंच राहतं. घेतलेली ऊर्जा ते परत करत नाही. पोल बनवताना काचतंतूचं कापड राळेत भिजवून एका लांब दांड्यावर गुंडाळतात आणि भट्टीत पक्कं करतात. मध्यभागी जास्त ताण येतो म्हणून तिथे कापडाचा खास आकाराचा वेगळा तुकडा घालून भिंत जाड करतात. शिवाय प्रत्येक पोलवर तो किती वजनाच्या उडीपटूसाठी आहे ते लिहिलेलं असतं. साठ किलोच्या मुलाचा पोल ऐंशी किलोच्या माणसाच्या हातात गेला तर मोडू शकतो, उलट झालं तर वाकणारच नाही आणि मुलगा मागे, धावपट्टीवर फेकला जाईल. म्हणून एका खेळाडूला एक पोल पुरत नाही. मुलगा वाढतो, वेग वाढतो, तसा पोल बदलावा लागतो. आणि पोल असतो पाच मीटर लांब, घडी न होणारा. राष्ट्रीय दर्जाच्या उडीपटूंनाही तो घेऊन रेल्वेत चढताना अडवलं गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. भुसावळसारख्या जंक्शनवर दोन मिनिटं डब्याच्या दारात उभं राहिलं तरी कळतं, की पाच मीटरची वस्तू त्या वळणातून आत जाणं म्हणजे काय.

आता दुसरी वस्तू, जिच्यावर तो पडतो ती. वॉर्मरडॅमच्या काळी खाली वाळू किंवा लाकडाचा भुसा असे. साडेचार मीटरवरून माणूस वाळूत पायांवरच उतरला पाहिजे, नाहीतर हाडं मोडणार. त्यामुळे उडी कशी मारायची हे उतरायचं कसं यावर ठरत होतं. फोमच्या जाड गाद्या आल्या तेव्हा पाठीवर पडता येऊ लागलं आणि मग कुठे फायबरग्लासच्या पोलला पूर्ण वाव मिळाला. आजच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत गादी किमान सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर जाड लागते, आणि तिचे पुढचे भाग पेटीच्या दोन्ही बाजूंनी वेढून येतात. हे लाड नव्हेत. उडी फसली की माणूस कुठे पडेल ते त्याच्या हातात नसतं.

गादीवाचून काय होतं याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे उंच उडी शिकला तो शाळेतले शिक्षक रावसाहेब जाधव यांच्याकडे, मक्याच्या वाळलेल्या भुशाच्या ढिगावर उड्या मारून. तो पुढे सैन्यात गेला, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला उतरला, आणि टोकियोमध्ये डुप्लांटिसच्या ६.३० नंतर दुसऱ्याच दिवशी, त्याच मैदानावर, उंच उडीच्या अंतिम फेरीत २.२८ मीटर मारून सहावा आला. जागतिक स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. ही गोष्ट आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते आणि सांगावीच. पण मला तिच्यात एक धोकाही दिसतो. मक्याचा भुसा पुरला, कारण उडी दोन मीटरची होती. चार मीटरवरून भुशात पडून पोलव्हॉल्टपटू तयार होत नाही, अपंग मुलगा तयार होतो. मका धुळे-जळगावातही भरपूर पिकतो, म्हणून कुणी उत्साही क्रीडाशिक्षकाने हा प्रयोग पोल घेऊन करू नये. जिद्दीने सोय भरून निघते, ही समजूत बऱ्याच खेळांत चालून जाते. या खेळात ती जिवावर बेतते.

आणि सोय असून, विक्रम असून, सगळं असूनही ही स्पर्धा माणसाला रिकाम्या हाताने घरी पाठवते. नियम दिसायला सोपे आहेत. एका मागोमाग तीन प्रयत्न चुकले की खेळ खलास. उंची सोडून पुढच्या उंचीवर उडी मारण्याची मुभा असते, पण चुकलेले प्रयत्न बरोबर येतात. १९८५ मध्ये पॅरिसला सर्वप्रथम सहा मीटर ओलांडणारा, पस्तीस जागतिक विक्रम करणारा, सलग सहा जागतिक अजिंक्यपदं जिंकणारा सर्गेई बुबका १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ५.७० वर दोनदा चुकला, राहिलेला एक प्रयत्न ५.७५ साठी राखला आणि तोही चुकला. हिशेबात एकही उंची नाही. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत त्याला ऑलिंपिक सुवर्ण मिळालं ते एकदाच, १९८८ मध्ये सोलला. उंची सारखी झाली तर कुणाचे प्रयत्न कमी वाया गेले ते मोजतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कारालिस आणि फिलिपाइन्सचा अर्नेस्ट जॉन ओबिएना दोघेही ५.९० वर थांबले, कांस्य कारालिसला गेलं आणि आशियाचा सगळ्यात मोठा उडीपटू चौथा राहिला. याच ओबिएनाने आदल्या वर्षी हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत ५.९० मारून सुवर्ण जिंकलं होतं.

भारत या पटावर कुठे आहे? २०२२ मध्ये गांधीनगरच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तमिळनाडूच्या शिवा सुब्रमण्यमने ५.३१ चा राष्ट्रीय विक्रम केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये देहरादूनला मध्य प्रदेशच्या देव मीणाने तो एका सेंटिमीटरने मोडला आणि एप्रिलमध्ये कोचीला ५.३५ वर, तर जुलैमध्ये ५.४० वर नेला. जगाचा विक्रम १९६८ मध्येच या उंचीच्या पुढे गेला होता. म्हणजे आपण अर्धशतकाहून जास्त मागे आहोत, आणि ते मागेपण पायांचं नाही. जागोजागी सिंथेटिक मैदानं आणि पोलचे संच असलेल्या देशांशी आपण तुलना करतो आहोत.

खान्देशात तर स्थिती आणखी साधी आहे. शालेय आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या पातळीवरच्या खेळांत धावणारी मुलं भरपूर दिसतात. सातपुड्याच्या पायथ्याची पावरा-भिल्ल पोरं चढावर जशी पळतात तशी सपाटीवरची पळणार नाहीत. धुळ्याच्या गरुड मैदानावर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी गर्दी पाहिली, तर सेकंदाला ९ मीटर जाऊ शकणारे दोन-चार जण तिच्यात नक्की निघतील. पण बांबू उडी शिकायला धावपट्टी चाळीस मीटर, पेटी, खांब, वजनावारी पोल आणि ती गादी, हे सगळं एकाच ठिकाणी लागतं. गादी उघड्यावर ठेवली तर उन्हापावसात सडते, म्हणून तिला शेडही लागते. खर्च एकदाच करून भागत नाही. क्रीडा संकुलांच्या आराखड्यांत कुंपण आणि प्रेक्षागृह आधी येतं, याचं कारण त्याचं उद्घाटन करता येतं.

डुप्लांटिसच्या बाबतीत हा प्रश्न घरातच सुटला होता. वडील ग्रेग स्वतः ५.८० मारलेले उडीपटू. लुइझियानातल्या लाफायेटच्या घरामागे त्यांनी धावपट्टी आणि गादी टाकली आणि मुलगा अगदी लहानपणी, झाडूची काठी हातात धरायच्या वयात, उड्या मारू लागला. आपल्या देव मीणाच्या घरी असं काही नव्हतं. देवास जिल्ह्यातला हा मुलगा आधी धावपटू होता. भोपाळच्या राज्य अकादमीत प्रशिक्षक घनश्याम यादव यांनी त्याच्या हातात पोल दिला. परसात गादी नसेल तर ती सरकारने कुठेतरी टाकावी लागते, आणि मध्य प्रदेशने ती भोपाळला टाकली.

भुसावळहून भोपाळ हे रेल्वेने मुंबईपेक्षा जवळ आहे. बऱ्हाणपूर, खंडवा, इटारसी करत गाडी एका रात्रीत पोचवते. रावेरच्या किंवा शिरपूरच्या ज्या मुलाला या खेळाचं वेड लागेल त्याने आज तरी तीच वाट धरावी. जाताना त्याने तीस मीटरची वेळ सुधारून जावं, दोरावर पाय वर करून चढायला शिकून जावं. सुरुवातीला पोल वाकवायचा नसतो. आखूड, न वाकणारा पोल घेऊन चार-सहा पावलांवरून, दांडी न लावताच, फक्त गादीवर उतरायचं असतं, आणि हे महिनोन्‌महिने चालतं. दांडी बरीच उशिरा येते.